चार घरांनी मिळून मुलांना घरी शिकवायचे ठरवले असेल तर

साताऱ्याच्या एका आईने विचारले आहे : "माझा मुलगा आठ वर्षांचा असून तिसरीत आहे. आमच्या कॉलनीतील चार कुटुंबे येत्या जूनपासून मुलांना शाळेतून काढून आळीपाळीने एकमेकांच्या घरी शिकवण्याचा विचार करत आहोत. हे कायद्याला धरून आहे का, पुढे दहावीचे काय करायचे आणि मुले एकलकोंडी होतील का?"

ताई, मी सांगलीत राहते. नऊ वर्षे एका माध्यमिक शाळेत गणित शिकवल्यानंतर मी नोकरी सोडली. त्यापुढची चौदा वर्षे माझी दोन मुले आणि आमच्याबरोबर आलेल्या काही कुटुंबांची मुले घरी राहून कशी शिकतात, हे मी रोजच्या रोज पाहिले. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देते. पण पत्र वाचताना मी अडखळले ते "आळीपाळीने" या शब्दाशी, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

आमच्या पहिल्या वर्षीही पाच घरांनी आळीपाळीचेच वेळापत्रक केले होते. सोमवारी आमच्याकडे गणित, मंगळवारी दुसऱ्या घरी इंग्रजी, बुधवारी तिसऱ्या घरी विज्ञान, असे कागदावर फार सुरेख दिसत होते. दिवाळीपर्यंत ते मोडले. भांडण झाले नाही, कोणी वाईट वागले नाही. एका घराला दर शनिवारी चाचणी हवी होती आणि दुसऱ्या घराने चाचण्यांना कंटाळूनच मूल शाळेतून काढले होते. एका घरी सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि त्या घरचा वार रिकामा राहू लागला. ज्यांचा हॉल मोठा होता, त्यांच्याकडे हळूहळू सगळेच वार जमा झाले आणि त्या घरातील बाई सकाळी नऊपासून सात मुलांच्या डब्यांमध्ये आणि पाण्याच्या बाटल्यांमध्ये अडकून पडली. एके दिवशी तिने शांतपणे सांगितले की, "ज्या मुलासाठी हे सगळे मांडले, त्याच्याशीच बोलायला मला दिवसभरात वेळ मिळत नाही." तिचे ते वाक्य मी आजही विसरलेले नाही.

त्या वर्षातून आमच्या लक्षात आले की, मुलाला शिकवण्याची जबाबदारी घरांमध्ये वाटून देता येत नाही. वाटून घेता येते ती सोबत. आठ वर्षांचे मूल आईजवळ बसून दीड-दोन तासांत जेवढे वाचन, लेखन आणि गणित करते, तेवढे सात मुलांच्या घोळक्यात दिवसभरातही होत नाही. याउलट नाटक बसवणे, खो-खो खेळणे, एखादे पुस्तक मोठ्याने वाचून त्यावर वाद घालणे, सहलीला जाणे या गोष्टी एका मुलाच्या घरात कितीही प्रेमाने केल्या तरी फिक्याच राहतात. म्हणून दुसऱ्या वर्षी आम्ही प्रत्येक घराचा अभ्यास त्या त्या घराकडे सोपवला. मंगळवार आणि शुक्रवार दुपारी तीन ते सहा एवढाच वेळ एकत्र ठेवला आणि त्या वेळेत फक्त एकट्याने न होणाऱ्या गोष्टी करायच्या असे ठरवले. ही व्यवस्था पुढे अकरा वर्षे टिकली. काही घरे गेली, काही आली, पण घडी बिघडली नाही.

एकत्र येण्यापूर्वी चारही घरांनी बसून एक पान लिहावे, असे मी आग्रहाने सांगेन. त्यात अभ्यासक्रम लिहू नका. दुसऱ्याच्या मुलाला रागवण्याचा अधिकार कोणाला आणि किती, मारण्यावर पूर्ण बंदी आहे की नाही, एकत्र वेळेत मोबाइल आणि टीव्ही चालू राहील का, खाऊ कोण आणेल, ताप-खोकला असलेले मूल किती दिवस येणार नाही आणि एखाद्या घराला थांबायचे असेल तर त्याने किती आधी सांगायचे, हे लिहा. धर्म, सणवार आणि जेवणाच्या पद्धती यांचाही उल्लेख संकोच न करता करा, कारण मुलाच्या ताटातील अंड्यावरून दुरावलेली दोन चांगली घरे मी पाहिली आहेत. आणि या बैठकीला वडिलांनी बसलेच पाहिजे. आमच्या पहिल्या वर्षी पाचही घरांत निर्णय आयांनी घेतला होता आणि वडिलांनी मान डोलावली होती. पहिली अडचण आली तेव्हा तीच मान आडवी हलली.

आता कायद्याकडे वळते. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ चा आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणाऱ्या या कायद्याच्या कलम १० मध्ये मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य असल्याचे म्हटले आहे. मात्र त्या कर्तव्यात कसूर करणाऱ्या पालकाला कोणतीही शिक्षा सांगितलेली नाही, आणि घरी शिकवणाऱ्या पालकाचा त्यात वेगळा उल्लेखच नाही. म्हणून "घरी शिकवणे पूर्ण कायदेशीर आहे" असे छातीठोकपणे सांगणारे आणि "पोलीस येतील" म्हणून घाबरवणारे, अशा दोघांचेही मनावर घेऊ नका. देशात अनेक कुटुंबे मुलांना उघडपणे घरी शिकवत आहेत, हे खरे. पण ती परवानगीच्या भक्कम जमिनीवर उभी नाहीत, हेही तेवढेच खरे.

तुमच्या चार घरांना मात्र कलम १० पेक्षा कलम १८ जास्त लागू पडते आणि ते फार कमी लोकांनी वाचलेले असते. मान्यतेचे प्रमाणपत्र नसताना शाळा चालवली तर १ लाख रुपयांपर्यंत दंड आणि त्यानंतरही ती चालूच ठेवली तर दररोज १० हजार रुपयांपर्यंत दंड, अशी तरतूद त्यात आहे. चार घरांची मुले रोज एका ठिकाणी ठरावीक वेळी जमू लागली, त्यांच्यासाठी पगारी शिक्षक ठेवला, महिन्याची वर्गणी सुरू झाली आणि दारावर नाव लागले, तर ती घरशाळा न राहता विनापरवाना शाळा ठरण्याचा धोका निर्माण होतो. आम्ही त्यामुळे एकत्र वेळेसाठी कधी पैसे घेतले नाहीत, कोणाला शिक्षक म्हणून नेमले नाही आणि आमच्या गटाला नावही दिले नाही. ज्याला सतार किंवा चित्रकला शिकायची असेल त्याने त्या गुरुजींकडे स्वतंत्र जावे, जशी शाळेत जाणारी मुले जातात.

शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक घरी येतात. आमच्याकडे दोनदा आले. दोन्ही वेळा मी मुलांची फाइल पुढे ठेवली. त्यात जन्मदाखला, आधार, लसीकरणाची नोंद, महिन्याचे दोन-तीन लिखाणाचे नमुने, वाचलेल्या पुस्तकांची यादी आणि फोटो होते. आलेल्या सरांनी मुलांशी अर्धा तास गप्पा मारल्या आणि नोंद करून ते निघून गेले. तुमचा अनुभव असाच येईल याची हमी देता येत नाही, कारण पुष्कळसे समोरच्या माणसावर अवलंबून असते. पण लपवाछपवी करू नका आणि मुलाला खोटे बोलायला शिकवू नका. शाळेतून काढतानाही मुख्याध्यापकांना कारण मोकळेपणाने सांगा. तुमची चार मुले एकाच छोट्या शाळेच्या पटावर असतील तर तेथील पट एकदम चाराने उतरेल आणि त्याचा फटका मागे राहिलेल्या मुलांच्या शिक्षकांच्या संख्येला बसू शकतो. हाही विचार चार घरांनी एकत्र बसून करावा, असे मला मनापासून वाटते.

दाखल्याविषयी एक गोष्ट विशेष काळजीने सांगते. आपल्याकडे शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नोंद पुढे जन्मतारखेसाठी, जातीच्या दाखल्यासाठी आणि जात पडताळणीसाठी पुरावा म्हणून पाहिली जाते. मुलाची ती नोंद आधीच झालेली आहे हे तुमच्या बाजूचे आहे. शाळा सोडल्याचा दाखला घेताना नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जात आणि जन्मस्थळ अक्षरन् अक्षर तपासा आणि मूळ प्रत जपून ठेवा. ज्या घरांतील मूल अजून कोणत्याच शाळेत गेलेले नाही, त्यांनी घाई करू नये. एखादे वर्ष तरी मुलाचे नाव शाळेत नोंदवावे, असाच सल्ला मी देत आले आहे.

दहावीचे मार्ग तीन आहेत आणि तिन्ही मार्गांनी आमच्या गटातील मुले पुढे गेली आहेत. पहिला मार्ग राज्य मंडळाचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्यासाठी भरायचा, लोक ज्याला सतरा नंबरचा फॉर्म म्हणतात तो. सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे जिल्हे मंडळाच्या कोल्हापूर विभागात येतात. फॉर्म भरताना १४ वर्षे पूर्ण असावी लागतात, किमान पाचवी उत्तीर्ण असावे लागते आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला जोडावा लागतो. तुमचा मुलगा तिसरीत आहे. आत्ताच दाखला काढलात तर पाचवीचा पुरावा कोठून आणणार, हे आजच ठरवावे लागेल. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ पाचवी आणि आठवीच्या पातळीच्या परीक्षा घेते, तो एक उपाय आहे. आमच्या गटातील एका घराने मुलीला पाचवी संपेपर्यंत शाळेत ठेवून मगच घरी आणले आणि मला तो निर्णय फार शहाणपणाचा वाटला.

दुसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा, म्हणजे एनआयओएसचा. दहावीच्या परीक्षेसाठी किमान वय १४ वर्षे, किमान पाच विषय, परीक्षा वर्षातून दोनदा आणि नोंदणी पाच वर्षे टिकते. मराठी माध्यमही घेता येते. माझ्या मुलीने हाच मार्ग घेतला. तिने आधी दोन विषय दिले, सहा महिन्यांनी दोन दिले आणि शेवटी गणित दिले. मी गणिताची शिक्षिका असूनही तिचे गणित सर्वांत शेवटी झाले आणि त्याचे वाईट वाटून घ्यायचे नाही, हे मला शिकावे लागले. पुढे विज्ञान शाखेला आणि प्रवेश परीक्षांना जायचे असेल तर विषयांची निवड आणि प्रात्यक्षिके यांची चौकशी नववीच्या वयातच करा. तिसरा मार्ग सर्वांत सोपा आहे, तो म्हणजे शाळेत परत जाण्याचा. कलम ४ नुसार १४ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो आणि कलम ५ नुसार दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. ही वाट उघडी ठेवा. नवोदयची सहावीची निवड परीक्षा किंवा शिष्यवृत्ती परीक्षा डोळ्यांपुढे असेल तर मात्र मूल शाळेच्या पटावर असावे लागते. आंतरशालेय क्रीडा स्पर्धांचेही तसेच आहे.

आता ज्या भागावर मला सर्वांत जास्त बोलावेसे वाटते तो भाग. घरी शिकवणे म्हणजे घरात कोंडून शिकवणे नव्हे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत नुसती नदी धरून बसले तरी चार वर्षांचा अभ्यास होतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या पुढे गेले. तेथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे. आमच्या गटातील दोन घरांत पाणी शिरले होते आणि मुलांच्या मनातून ती भीती वर्षभर गेली नव्हती. पुढच्या पावसाळ्यात मुलांनीच रोजची पाणीपातळी आणि कोयनेचा विसर्ग वहीत लिहायला सुरुवात केली. मग प्रश्न आला, क्युसेक म्हणजे काय? सेकंदाला एक घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००. मग एक टीएमसी, म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी, दिवसभरात जायला किती क्युसेक लागतील? भागाकार करून मुलांनी उत्तर काढले, सुमारे साडेअकरा हजार. कोयनेची क्षमता सुमारे १०५ टीएमसी. ५० हजार क्युसेकने सोडले आणि वरून थेंबही आला नाही, तर धरण रिकामे व्हायला किती दिवस लागतील? चोवीस. हे गणित दहा वर्षांच्या मुलाने केले, कारण त्याला त्याच्या आजीचे घर पुन्हा बुडेल का, हे जाणून घ्यायचे होते. आलेख काढल्यावर विसर्ग वाढला त्याच दिवशी सांगलीचे पाणी का वाढत नाही, हा प्रश्न त्यालाच पडला. मग कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते, मधे किती अंतर आहे, नकाशाचे प्रमाण काय, अशी भूगोलाची दारे एकामागून एक उघडली.

तुमच्याकडे तर याहून अधिक आहे. माहुलीला कृष्णा आणि वेण्णा मिळतात. वर एका नदीवर धोम आणि दुसरीवर कण्हेर धरण आहे. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. का, हे मुलांना एका सहलीत उमगते, पुस्तकात वाचून तेवढे उमगत नाही. अजिंक्यतारा, संग्रहालय, नगरवाचनालय हे सगळे पायी किंवा एसटीने गाठण्याजोगे आहे. सांगलीत आम्ही मार्केट यार्डात हळदीचे सौदे पाहायला मुलांना नेत असू. ओली हळद शिजवून वाळवली की वजन जवळजवळ पाचव्या हिश्शावर येते, हे एका व्यापाऱ्याने समजावून सांगितले आणि शेकडेवारी त्या दिवशी मुलांना कायमची समजली. फक्त एक पथ्य पाळा. एका ठिकाणी पुन्हा पुन्हा जा. दहा ठिकाणी एकेकदा नेलेल्या मुलांकडे फोटो उरतात, एका ठिकाणी दहा वेळा गेलेली मुले प्रश्न विचारू लागतात. पाठ्यपुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. ती घरात असू द्या आणि वर्षातून दोनदा त्यांच्याशी ताडून पाहा, म्हणजे परतीची वाट बुजत नाही.

एकलकोंडेपणाविषयी माझा अनुभव असा की आठव्या-नवव्या वर्षी तो प्रश्न आई-वडिलांचा असतो. मुलाचा तो होतो बाराव्या-तेराव्या वर्षी. माझी मुलगी स्वभावाने आपल्याआपल्यात रमणारी, तिला गटातील चार मैत्रिणी आणि वाचनालय पुरले. मुलगा मात्र बाराव्या वर्षी शेजारच्या मुलांचे स्नेहसंमेलन पाहून आला आणि दोन दिवस नीट जेवला नाही. मला फार लागले. इतक्या वर्षांचे कष्ट त्याला नको झाले, असे वाटले. यजमानांनी मला समजावले की, तो आपल्याला नाकारत नाही, त्याला मित्र हवे आहेत. आठवीत त्याला जवळच्या शाळेत घातले. पहिले सहा महिने वेगाने लिहिण्यात तो मागे पडला, मग सावरला आणि मित्रांबरोबरच दहावी झाला. तुमच्या मुलाने पुढे असेच मागितले तर ते मोकळ्या मनाने द्या. तोवर संध्याकाळी पाच ते सात कॉलनीच्या मैदानावर शाळेतून आलेल्या मुलांबरोबर त्याचा खेळ एक दिवसही चुकू देऊ नका. तुमची चार मुले आपापसातच खेळू लागली, तर कॉलनीत त्यांचे बेट तयार होईल आणि ते मला घरात कोंडण्याइतकेच वाईट वाटते.

दोन गोष्टी तुमच्या पत्रात नाहीत, त्यांवर बरेच काही अवलंबून आहे. मुलाला शाळेतून का काढायचे आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही. एखाद्या शिक्षकाची भीती किंवा वर्गातील चिडवाचिडवी हे कारण असेल तर आधी शाळा बदलून पाहा, साताऱ्यात निवड करण्याइतक्या शाळा आहेत. तिसरीत येऊनही त्याला जोडाक्षरे वाचता येत नसतील तर ती अडचण घरी आणल्याने आपोआप सुटत नाही, ती आधी जाणकाराला दाखवा. दुसरी गोष्ट म्हणजे घरात दिवसभर कोण असणार. बहुतेक घरांत याचे उत्तर "आई" असेच असते आणि तिची नोकरी, तिची झोप, तिचे माहेरी जाणे यांचा हिशेब कोणी मांडत नाही. आमच्याकडे यजमानांनी रविवार सकाळ आणि रोजचे रात्रीचे वाचन स्वतःकडे घेतले. ते त्यांनी एकदाही टाळले नाही, म्हणूनच मी चौदा वर्षे टिकले. तुमच्या चारही घरांत असे कोणी आहे का, ते नावानिशी ठरवा.

माझे सांगणे असे की, दाखला आत्ता काढू नका. परीक्षा संपल्या की सुट्टीत चार घरांनी आठवड्यातून दोन दुपारी एकत्र यावे आणि उरलेले दिवस प्रत्येकाने आपल्या मुलाबरोबर घरी दोन तास नियमाने बसावे. ते पान लिहून चारही घरांच्या सह्या घ्या. जूनमध्ये शाळा सुरू होण्याच्या आठवडाभर आधी पुन्हा बसा, त्या दिवशी मुलांनाही बोलू द्या आणि चारपैकी एखाद्या घराने मागे सरायचे म्हटले तर त्याला अडवू नका. तोवर माहुलीच्या संगमावर एक सकाळ घालवा आणि मुलाने तिथे काय विचारले, ते वहीत लिहून ठेवा.